क्रिस्तपुराणाच्या पोथ्या : एका श्रद्धेच्या चिकाटीचा लेखी पुरावा

कर्जत व खालापूर हे तालुके बोरघाटाच्या पायथ्याशीं वसलेले आहेत. या मुलखांतील जुन्या घरीं चातुर्मासांत श्रीधराचे 'हरिविजय' व 'रामविजय' वाचण्याचा परिपाठ होता. तेथील दप्तरांत त्यांच्या पोथ्या मिळाल्या तर संग्राहकास नवल वाटत नाहीं. पोर्तुगीजांचा अंमल चौल-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर होता. घाटपायथ्याच्या ह्या भागांत तो कधीं स्थिरावला नाहीं. म्हणून ख्रिस्ती पुराण म्हटलें कीं तें आपल्या शोधाच्या कक्षेबाहेरचें, असा येथील संग्राहकांचा सहज समज होतो. तो दूर करावा, ह्या हेतूनें आम्ही हें टिपण लिहीत आहों.

राजसत्ता पाठीशीं असतां धर्म पाळण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. ती नसतां, किंवा उलटली असतां, तो कितपत टिकतो यावरून श्रद्धेची परीक्षा होते. कॅथॉलिक पंथीयांच्या अशा परीक्षेचा मराठींतील उत्तम पुरावा म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स याच्या क्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित पोथ्या होत.

स्टीफन्स हा जन्मानें इंग्रज. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत कॅथॉलिक उपासनेस बंदी होती. तो व त्याचा मित्र थॉमस पाउंड या उभयतांनीं रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचें ठरविलें होतें. परंतु पाउंड पकडला गेला व त्याच्या आयुष्याचीं सुमारें ३० वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटाच रोमला पोंचला, १५७५ सालीं संघांत दाखल झाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला. पुढें त्याचें बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतांत गेलें व तेथेंच त्यानें येथील भाषा आत्मसात् केली. १६१९ मध्यें गोव्यांतच त्याचा अंत झाला.

या कथेची दुसरी बाजू झांकणें इतिहासास शोभणार नाहीं. मायदेशीं जो धर्म छळ सोशीत होता, तोच गोव्यांत राज्यकर्त्यांचा धर्म होता. १५६७ सालीं साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनीं पांच येशूसंघीयांस ठार केलें व त्याबद्दल तेथील प्रमुखांसही प्राणांस मुकावें लागलें. आपल्या दैवतांसाठीं प्राण वेंचणाऱ्या त्या ग्रामस्थांच्या निष्ठेसही आम्ही धैर्यच म्हणतों.

१६१६ त राचोल येथें स्टीफन्सचा ग्रंथ रोमन लिपींत छापला गेला. त्याचीं दोन पुराणें, पहिल्यांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वर म्हणजे अध्याय, आणि एकूण सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. भाषा मराठी; तींत कोंकणीचें मिश्रण आहे. 'हरिविजय' १७०२ चा, म्हणजे त्याच्या मागून ८६ वर्षांनीं झालेला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या ग्रंथाचें मराठी वाङ्मयांतील स्थान कळून येतें. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाहीं.

तिसऱ्या आवृत्तीनंतर तीस वर्षांनीं वारा फिरला. २७ जून १६८४ रोजीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, प्रजेनें तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज शिकून देशभाषा टाकावी. म्हणजे ज्या भाषेंत नवख्रिस्त्यांस धर्म शिकविला, तिच्यावरच ख्रिस्ती सत्तेनें घाला घातला. १६५४ नंतर १९०७ पर्यंत, २५३ वर्षें, हें पुराण पुन्हा छापलें गेल्याचें ज्ञात नाहीं. तरी तें नष्ट झालें नाहीं. छापखान्याचें काम बोरूनें केलें. एका पोथीवरून दुसरी उतरली व पठणाची परंपरा टिकली. धर्मच्छल सोसणाऱ्या वीरांचीं नांवें इतिहास जपतो. या नकलकारांची मूक चिकाटी मात्र त्यांच्या अक्षरांतच वाचावी लागते.

दुसरा प्रसंग याहून कठीण. गोव्यांतून कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांस १७८४ सालीं टिपू सुलतानानें धरून श्रीरंगपट्टणास नेलें. १७९९ मध्यें तें शहर पडेपर्यंत त्यांची सुटका झाली नाहीं. त्या पंधरा वर्षांत पुराणाच्या पठणानें बंदिवानांस धीर दिला, अशी मंगळूरकडील परंपरा सांगते. परंपरेस दस्तऐवजाचें बळ देतां येत नाहीं. पण १९०७ त जोसेफ सालढाणा यांनीं मंगळूर येथें या ग्रंथाची रोमन आवृत्ति सिद्ध केली ती हस्तलिखितांच्याच आधारें, ही गोष्ट निर्विवाद आहे.

तिसरें उदाहरण आमच्या रायगड जिल्ह्यांतलेंच आहे. १७४० सालीं चौल व कोर्लई मराठ्यांकडे आलीं, पोर्तुगीज निघून गेले. परंतु कोर्लईचे ख्रिस्ती ग्रामस्थ तेथेंच राहिले. त्यांनीं आपला धर्म टाकला नाहीं, आणि पोर्तुगीजापासून निपजलेली त्यांची बोली आजही घरांत चालते. गोव्यांत देशभाषा धरून ठेवण्यास जी चिकाटी लागली, तीच येथें परभाषा धरून ठेवण्यास लागली.

संग्राहकांस विशेष महत्त्वाची अशी एक पोथी लंडनमध्यें आहे. विल्यम मार्स्डेन या विद्वानाच्या संग्रहांतून ती तेथील प्राच्यविद्या-शाळेंत आली, आणि १९२५ च्या सुमारास जस्टिन अॅबट यांनीं तिकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. ती देवनागरींत आहे. रोमन पोथ्यांत जेथें पोर्तुगीज किंवा लॅटिन शब्द आढळतात, तेथें तींत पुष्कळदां संस्कृत शब्द योजिलेले दिसतात. मूळ पाठ कोणता, हा वाद अद्याप चालू आहे. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास सालढाणांचा पाठ देवनागरींत प्रसिद्ध केला. १९९६ मध्यें फादर कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ति मुंबईस निघाली. पाठनिश्चयास नव्या पोथ्यांची गरज आहेच.

ती गरज भागविणें संग्राहकांच्या हातीं आहे. कोंकणांतील एखाद्या घरीं रोमन अक्षरांचें जुनें बाड दिसलें तर तें पोर्तुगीज म्हणून बाजूस सारूं नये. त्यांत 'एक्स' हें अक्षर 'श' करितां येतें. 'एन', 'एल' किंवा 'टी' हीं अक्षरें जोडीनें आलीं तर तीं अनुक्रमें ण, ळ व ट समजावीं. चार ओळी मोठ्यानें वाचाव्या. ओवीची चाल कानांस लागलीच कळेल. मग बाडाचीं पानें मोजून, आरंभ, शेवट व नकलकाराचा शेरा उतरून घ्यावा. ज्या घरानें तें इतका काळ सांभाळलें, त्याच्या श्रद्धेचा मान राखूनच त्याची मागणी करावी; आणि मालकानें देण्यास नकार दिल्यास नकलेवर समाधान मानावें. कारण नकल करणें हीच तर या पोथीची परंपरा आहे.