दोन ‘तारणां’मधील अंतर

‘तारण’ हा शब्द पालघर जिल्ह्यातील माणसाला दोन अगदी निराळ्या ठिकाणी भेटतो. बोईसरच्या कारखान्यातील कामगार मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढायला पतपेढीत जातो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘तारण काय देणार?’ हा. दागिना, घर वा जमीन असे काहीतरी त्याने अडकवून ठेवावे, अशी अपेक्षा असते. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वसईच्या चर्चमध्ये बायबलचे मराठी वाचन चालते, तेव्हाही ‘तारण’ हा शब्द कानी पडतो. तेथे मात्र त्याचा अर्थ देवाने केलेली सुटका असा असतो. पतपेढीतले तारण म्हणजे अडकवलेली वस्तू आणि चर्चमधले तारण म्हणजे अडकलेल्याची मुक्तता. मराठीत हे दोन अर्थ एकमेकांना ओळखही दाखवीत नाहीत. ज्या हिब्रू धर्मग्रंथातून ही मुक्तीची कल्पना आली, त्या ग्रंथात मात्र कर्ज, गहाण, जमीन आणि देव ही एकाच कुटुंबातली मंडळी आहेत. ती विभक्त कशी झाली, हा प्रश्न भाषांतराच्या इतिहासाचा आहे. आणि तो केवळ पंडितांपुरता मर्यादित नाही.

गोएल : गहाण सोडविणारा आप्त

हिब्रू ग्रंथात देवाला दिलेल्या नावांपैकी एक ‘गोएल’ असे आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी बहुधा ‘उद्धारक’ हा शब्द येतो. पण ‘गोएल’ हा मूळचा धार्मिक शब्द नव्हेच. तो जमिनीच्या कायद्यातला शब्द आहे. लेवीय ह्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याची रीतसर व्यवस्था सांगितली आहे. एखादा माणूस दारिद्र्यामुळे आपली जमीन विकून बसला, तर त्याच्या सर्वांत जवळच्या आप्ताने पुढे होऊन ती सोडवावी. त्याहूनही वाईट दिवस येऊन त्याने स्वतःलाच विकले असेल, तर आप्ताने त्याला सोडवावे. हा सोडविणारा आप्त म्हणजे गोएल.

ह्या कायद्यातील हिशेबही लक्षात घेण्याजोगा आहे. दर पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावयाची असे. म्हणून विक्रीची किंमत त्या वर्षापर्यंत उरलेल्या पिकांच्या संख्येवरून ठरवावी, असा दंडक होता. वर्षे अधिक उरली असतील तर किंमत अधिक, थोडी उरली असतील तर थोडी. आजच्या परिभाषेत बोलावयाचे, तर ती विक्री नव्हती, मुदतीचा भाडेपट्टा होता. जमिनीचा खरा मालक देव आहे आणि माणसे तिच्यावरची कुळे आहेत, हे त्यामागचे कारण तेथे दिलेले आहे.

रूथच्या लहानशा कथेत हा कायदा चालताना दिसतो. बवाज रूथच्या सासरची जमीन सोडवितो. पण त्याच्याहून जवळचा एक आप्त आधी विचारला जातो आणि स्वतःच्या वारशाला धक्का बसेल म्हणून माघार घेतो. गोएल होण्याला किंमत मोजावी लागते, ती अशी. पुढे बाबिलोनच्या बंदिवासातील लोकांना धीर देताना यशयाच्या पुस्तकात देवालाच पुनःपुन्हा गोएल म्हटले आहे. ऐकणाऱ्यांना त्यातील धीट प्रतिमा तत्काळ कळत असली पाहिजे. जमीन गेलेली, माणसे परक्याच्या हाती पडलेली, आणि सोडवायला येणारा आप्त कोणी उरलेला नाही. अशा वेळी देव म्हणतो, तुमचा नातलग मी.

शब्दाचे दोन तुकडे

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी हा ग्रंथ ग्रीक भाषेत आणावयास सुरुवात केली. त्या भाषांतरात रूथच्या कथेतील गोएल ‘जवळचा नातेवाईक’ झाला आणि यशयातील गोएल ‘खंडणी भरून सोडविणारा’ किंवा नुसताच ‘वाचविणारा’ झाला. दोन्ही भाषांतरे आपापल्या जागी बरोबर आहेत. हरवले ते त्यांना जोडणारे सूत्र. देव नातलगाचे कर्तव्य बजावतो आहे, ही गोष्ट ग्रीक वाचकाला शब्दावरून कळण्याचा मार्ग उरला नाही. लॅटिनमध्ये ‘रेदेम्प्तोर’ म्हणजे परत विकत घेणारा आला. त्यात व्यवहार शिल्लक राहिला, पण नाते गेले.

अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. हिब्रू कवी देवाला सरळ ‘खडक’ म्हणतात. ग्रीक भाषांतरकारांना ते बहुधा अप्रशस्त वाटले असावे, कारण अनेक ठिकाणी त्यांनी खडक काढून ‘देव’ हा शब्द घातला. उलट मोशेच्या तेजस्वी झालेल्या चेहऱ्याचे वर्णन करणारे हिब्रू क्रियापद ‘शिंग’ ह्या शब्दाशी संबंधित असल्यामुळे, जेरोमच्या लॅटिन भाषांतरात मोशेला शिंगे फुटली. आणि मायकेलअँजेलोने रोममध्ये घडविलेल्या पुतळ्याच्या मस्तकावर ती आजही आहेत. एकीकडे प्रतिमा पुसली गेली, दुसरीकडे नसलेली उगवली.

‘योबेल’चा प्रवास तर याहून नवलाचा. मूळ अर्थ मेंढ्याचे शिंग. ते फुंकून जमिनीच्या परतीचे वर्ष जाहीर होई. ग्रीकमध्ये त्यासाठी ‘मोकळीक’ ह्या अर्थाचा शब्द योजला गेला, आणि पुढे नव्या करारात तोच शब्द पापांच्या क्षमेसाठी आला. लॅटिनमध्ये योबेलच्या ध्वनीला आनंदाच्या आरोळीचा अर्थ चिकटला, इंग्रजीत ‘जुबिली’ झाली, आणि मराठी माणसाच्या ओळखीची झाली ती चित्रपटाची सिल्व्हर जुबिली आणि शाळेचा सुवर्णमहोत्सव. ज्या वर्षी सावकाराने जमीन परत करावयाची, ते वर्ष हारतुऱ्यांचे झाले.

मराठीची निवड

मराठीत हा ग्रंथ आला तो प्रथम ओवीच्या रूपाने. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा पहिला भाग जुन्या कराराच्या कथांवर आधारलेला आहे, १६१६ साली गोव्यात छापलेल्या ह्या ग्रंथात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. परक्या धर्माची कथा गावच्या पुराणासारखी ऐकू यावी, ही त्यामागची दृष्टी. एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांनी व त्यांच्या मराठी सहकाऱ्यांनी गद्यात पूर्ण भाषांतर सिद्ध केले, तेव्हा त्यांनाही ‘देव’, ‘आत्मा’, ‘उद्धार’, ‘तारण’ हे शब्द आधीच्या धर्मपरंपरेतून घ्यावे लागले. दुसरे शब्द आणणार कोठून?

पण घेतलेला शब्द रिकाम्या हाताने येत नाही. ‘उद्धार’ म्हणजे वर उचलणे. त्यात खड्ड्यात वा चिखलात पडलेला माणूस दिसतो. ‘तारणे’ म्हणजे पार नेणे. त्यात भवसागर दिसतो, नाव दिसते. दोन्ही प्रतिमा सुंदर आहेत, पण गहाणखत फेडून शेत परत मिळविणाऱ्या नातलगाची प्रतिमा त्यांत नाही. ‘रूआख’ ह्या हिब्रू शब्दात वारा, श्वास आणि चैतन्य हे तिन्ही अर्थ एकवटलेले आहेत; मराठीत ‘आत्मा’ आला आणि वारा पडला. शिवाय न हलणाऱ्या, न बदलणाऱ्या आत्म्याचा वेदान्ती अर्थ मागोमाग आला, तो वेगळाच.

मराठीने नेहमी गमावलेच, असे मात्र म्हणता येणार नाही. हिब्रू ‘नेफेश’ म्हणजे घसा, श्वास, जिवंतपण. त्याला मराठी बायबलने अनेक ठिकाणी ‘जीव’ म्हटले आहे, आणि जीव घाबरा होणारी, जीव लावणारी, जीव टाकणारी ही भाषा मुळाच्या फार जवळ जाते. दयेसाठी असलेला ‘रहमीम’ हा हिब्रू शब्द गर्भाशयवाचक शब्दापासून झालेला आहे. नुसत्या ‘दये’त तो अर्थ मावत नाही. पण ज्या भाषेने विठ्ठलाला माउली केले, तिच्यापाशी ‘वात्सल्य’ आणि ‘कळवळा’ हे शब्द आहेत. भाषांतरकाराने शास्त्री-पंडितांच्या कोठारात शोधावे की ओटीवर, चुलीपाशी आणि शेताच्या बांधावर, हा खरा प्रश्न आहे.

पंडिता रमाबाईंना तो फार लवकर दिसला. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर १९२२ साली, मृत्यूच्या सुमारास, पुरे केले. अल्पशिक्षित स्त्रीला वाचता यावे अशी सोपी भाषा त्यांनी हेतुपुरस्सर निवडली. संस्कृतचे इतके मोठे पांडित्य असलेल्या विदुषीने संस्कृतप्रचुर शब्द टाळावेत, ह्यात विरोधाभास नाही, अनुभव आहे. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ‘सुबोध बायबल’ हे नावच घेतले. त्यातील नव्या कराराला साहित्य अकादमीचा २०१३ सालचा अनुवाद पुरस्कार लाभला. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. पण वसईच्या मातीतली मराठी ही धर्मग्रंथाची मराठी होऊ शकते, हे ते दाखवून गेले.

ह्याच ग्रंथाचे दुसरे मराठी वाचक म्हणजे कोकणातील बेने इस्रायल. त्यांच्या लेखी तो ‘जुना’ करार नव्हे, तोच करार. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले ते त्यांच्यासाठी. स्वधर्माचा ग्रंथ त्यांच्या हाती परधर्मीयांच्या मराठीतून आला, आणि मग त्यांनी स्वतःची भाषांतरे सुरू केली. मुंबई विद्यापीठाचे हिब्रू परीक्षक जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. पुण्यात १८७४ साली छापलेल्या वल्हांडण सणाच्या मराठी ‘हगादा’तील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. त्या सणाला जे चार प्याले घेतात, ते देवाच्या चार वचनांचे स्मरण म्हणून. त्यांतील एक वचन गोएलच्याच क्रियापदाचे आहे. मिसरातून सुटका म्हणजे नातलगाने वेठीतून केलेली सोडवणूक, हा अर्थ सणाने जपला.

‘वतन’ आणि वेठ

मराठी बायबलमधील एक शब्द ह्या संदर्भात विशेष बोलका आहे. कुटुंबाच्या वाट्याला आलेल्या जमिनीला हिब्रूत ‘नहला’ म्हणतात. मराठीत त्याला ‘वतन’ म्हटले आहे. निवड मार्मिक आहे. अहाब राजाने नाबोथाकडे त्याचा द्राक्षमळा मागितला, तेव्हा बदली मळा किंवा रोख किंमत देऊ केली. बाजाराच्या मापाने तो सौदा वाईट नव्हता. नाबोथाने नकार दिला तो किंमत कमी म्हणून नव्हे, तर ते बापजाद्यांचे वतन होते म्हणून. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी ज्यांना गाव सोडावे लागले, त्या अक्करपट्टी-पोफरणच्या रहिवाशांना नुकसानभरपाई आणि वतन ह्यांतील हा फरक कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही ‘वतन’ निर्दोष नाही. महाराष्ट्रात वतन म्हणजे पिढीजात चाकरीही होती. महार वतनाच्या जोखडातून आपल्या समाजाला सोडविण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे जो शब्द हिब्रू ग्रंथात गुलामीवरचा उतारा, तोच मराठी गावगाड्यात अनेकांच्या गळ्यातला दोर होता. शब्द निवडताना भाषांतरकार कोणाच्या बाजूने ऐकतो, ह्यावर इतके अवलंबून असते.

आणि म्हणूनच हा प्रश्न पालघरचा आहे. ह्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, डहाणू आणि त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यात, ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. लग्नासाठी जमीनदाराकडून उचल घ्यावयाची आणि ती फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्याकडे राबत राहावयाचे. कर्ज सहसा फिटत नसे. लेवीयमधील स्वतःला विकलेला माणूस तो हाच. १९४५ च्या मे महिन्यात झरीला वारली शेतमजूर जमले आणि वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात तो नोंदविला आहे. आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा, वेठबिगारी रद्द करणारा केंद्राचा कायदा १९७६ चा. पहिल्या कायद्याचे मर्म सांगावयाचे, तर ‘योबेल’ ह्या एका शब्दात सांगता येईल. दरिद्री राष्ट्रांची कर्जे माफ व्हावीत म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस जी जागतिक चळवळ झाली, तिनेही ‘जुबिली २०००’ हे नाव घेतले होते.

भाषांतरकारांनी हा अर्थ मुद्दाम दडविला, असा आरोप करणे अन्यायाचे होईल. ‘उद्धार’ आणि ‘तारण’ ह्या शब्दांनी परक्या ग्रंथाला मराठी मनात जागा मिळवून दिली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या शब्दांनी सुटकेचा मुक्काम ह्या जगातून उचलून परलोकात नेला, हेही खरे. दर नव्या पिढीने पुन्हा भाषांतर करावे लागते, ते एवढ्याचसाठी. पुढच्या भाषांतरकाराला ‘गोएल’साठी शब्द हवा असेल, तर त्याने फार दूर जाऊ नये. पतपेढीच्या दारात कर्ज फेडून बाहेर पडलेली बाई बायकोमुलींच्या घोळक्यात सांगते, ‘पाटल्या सोडवून आणल्या.’ तिच्या तोंडचे ‘सोडविणे’ हे क्रियापद यशयाला समजले असते.