वाद्यामागचं गाणं (लेखांक ६) : एका श्वासातला गळा आणि माउथ ऑर्गन

मागच्या लेखात आपण माउथ ऑर्गनची रचना पाहिली. दहा छिद्रं, प्रत्येक छिद्रामागे दोन रीड : एक फुंकल्यावर वाजते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. आज हे वाद्य केंद्रस्थानी ठेवून जवळपास चार दशकं वाजत असलेल्या ‘ब्लूज ट्रॅव्हलर’ या अमेरिकन बँडची माझी आवडती गाणी ऐकू या.

न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनमध्ये १९८७ साली शाळकरी मित्रांनी हा बँड उभा केला. गिटारवर चॅन किंचला, बासवर बॉबी शीहन, ड्रम्सवर ब्रेंडन हिल. गायन आणि माउथ ऑर्गन जॉन पॉपरकडे. गिटार वाजवता वाजवता गाता येतं. माउथ ऑर्गन वाजवताना गाता येत नाही. तोंड एकच, श्वासही एकच. त्यामुळे या बँडच्या गाण्यांत शब्द थांबतात तिथे वाद्य बोलू लागतं आणि वाद्य थांबतं तिथे शब्द. ही देवाणघेवाण जिथे सर्वांत सुंदर जमली आहे, तीच गाणी मला सर्वाधिक प्रिय आहेत.

पहिलं ‘बट एनीवे’, १९९०च्या पहिल्या अल्बममधलं. पॉपरवर जिमी हेंड्रिक्सच्या गिटारचा मोठा प्रभाव आहे आणि तो इथे लख्ख दिसतो. माउथ ऑर्गनच्या सुरावटी इतक्या वेगाने धावतात, की मधे श्वास कुठे घेतला हा प्रश्न पडतो. उत्तर रचनेतच आहे : गाताना श्वास घ्यायला थांबावं लागतं, पण या वाद्यात घेतलेला श्वासही सूर होऊन वाजतो.

१९९४च्या ‘फोर’ या अल्बमने बँडला घराघरांत नेलं. त्यातलं ‘रन-अराउंड’ बिलबोर्डच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं आणि त्याला १९९६ साली ग्रॅमी मिळाला. या गाण्यात कडवं असो वा धृपद, तेच चार कॉर्ड फिरत राहतात. पाया इतका साधा असल्यामुळे गायकाला शब्द दाटीवाटीने बसवता येतात आणि माउथ ऑर्गनला मोकळं मैदान मिळतं. मधला वाद्याचा तुकडा नीट ऐका : वेग आहे, पण चाल हरवत नाही, तो तुकडा सहज गुणगुणता येतो.

त्याच अल्बममधलं ‘हुक’ मला बुद्धीने सर्वांत जवळचं वाटतं. सतराव्या शतकातला जर्मन संगीतकार पाखेलबेल याच्या प्रसिद्ध ‘कॅनन’मधल्या कॉर्डच्या क्रमावर ते उभं आहे. शब्द सांगतात, की गायक काय म्हणतो याला फारसं महत्त्व नाही, कानाला चटक लावणारी चाल श्रोत्याला परत आणतेच. विधान सिद्ध करायला त्यांनी कानांना भुरळ घालणारी चौकटच निवडली. शेवटाकडे पॉपर शब्दांची जी झड लावतो, ती माउथ ऑर्गनच्या धावत्या सुरावटीसारखीच आहे. इथे गळ्याने वाद्याचं काम उचललं आहे.

आणि माझं सर्वांत लाडकं ‘द माउंटन्स विन अगेन’. हे शीहनने लिहिलेलं. पाहुणा म्हणून आलेल्या वॉरन हेन्सची स्लाइड गिटार त्यात आहे. सुरांना घाई नाही. ज्याच्या वेगाची जगभर ख्याती, तो पॉपर इथे मागे सरतो आणि गाण्याला हवं तेवढंच देतो. १९९९च्या ऑगस्टमध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये शीहन गेला. तेव्हा तो अवघा ३१ वर्षांचा होता. बासची जागा पुढे चॅनचा भाऊ टॅड याने घेतली, कीबोर्डवर बेन विल्सन आला आणि बँड वाजतच राहिला.

‘शोले’तल्या भानू गुप्तांच्या माउथ ऑर्गनने आपल्याला या वाद्यातलं एकाकीपण ओळखीचं करून दिलं. ब्लूज ट्रॅव्हलरने त्याला गर्दीसमोर, विजेच्या गिटारच्या बरोबरीने उभं केलं. वेग हे त्यांचं वैशिष्ट्य खरंच. पण गाणं मोठं होतं ते गळा आणि वाद्य एकमेकांना जागा देतात तेव्हा. म्हणून नव्या श्रोत्याने आधी ‘रन-अराउंड’ ऐकावं, मग ‘बट एनीवे’ आणि ‘हुक’, आणि शेवटी ‘द माउंटन्स विन अगेन’. या क्रमाने ऐकलं, की संयमाची किंमत आपोआप कळते.

पुढच्या आठवड्यात : शिकागोच्या ब्लूजमधला माउथ ऑर्गन आणि लिटल वॉल्टर.