घरचा स्टुडिओ (लेखांक ६) : पैसे न मोजता, आवाज मोजून

नगर शहरात ‘स्नेहालय’ संस्था ‘रेडिओ नगर’ हे सामुदायिक केंद्र ९०.४ मेगाहर्ट्‌झवर चालवते. स्वयंसेवी संस्थांना अशी मुभा २००६च्या धोरणाने मिळाली. त्याआधी ती शिक्षणसंस्थांपुरतीच होती. या केंद्रांसाठी साधारण १०० वॅटची मर्यादा असते, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत अशी अट. त्यामुळे ध्वनिसंपादन हे मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंपुरते राहत नाही. ते तालुक्याच्या गावातल्या जुन्या लॅपटॉपपर्यंत येऊन पोचते.

मग प्रश्न येतो : सॉफ्टवेअर कोणते?

बहुतेकांनी ‘ऑडॅसिटी’ घ्यावे आणि विषय संपवावा. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ते लिहायला घेतले; २०००मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. मुलाखत, कथाकथन, भाषण यांच्या काटछाटीला ते पुरून उरते. २०२१मध्ये ‘म्यूझ ग्रुप’ने ते ताब्यात घेतले आणि वापरकर्त्यांची माहिती गोळा करण्याच्या कलमांवरून गहजब झाला. कंपनीला खुलासा करून मजकूर बदलावा लागला. दरम्यान काहींनी तोच कोड उचलून ‘टेनॅसिटी’ नावाची वेगळी चूल मांडली. मुक्त परवान्याचा खरा फायदा हाच. फुकट तर पुष्कळ काही मिळते, पण मालक बदलला तरी कोड लोकांच्या हातून जात नाही.

‘आर्डर’ हा पॉल डेव्हिस यांचा प्रकल्प वेगळ्या जातीचा आहे. पखवाज, पेटी, गायक, टाळकरी अशा प्रत्येकाला स्वतंत्र माइक लावून आठ-दहा ट्रॅक घेणार असाल, तरच त्याच्या वाटेला जावे. त्याचा कोड खुला, मात्र संकेतस्थळावरून तयार प्रोग्रॅम हवा तर पैसे द्यावे लागतात. चाचणीची आवृत्ती काही वेळाने गप्प होते. लिनक्स वापरणाऱ्याला तोच प्रोग्रॅम आपल्या लिनक्सच्या सॉफ्टवेअर-भांडारातून विनामूल्य मिळतो. एका माइकवरच्या मुलाखतीसाठी आर्डर शिकत बसणे मात्र हौसेचे काम.

आता नेवाशातला किंवा जिल्ह्यातल्या कुठल्याही हरिनाम सप्ताहातला कीर्तनाचा प्रसंग घ्या. निरूपण संथ चालू असते, मध्येच गजर उठतो आणि टाळांच्या आवाजाने मीटर थेट टोकाला भिडतो. घरी येऊन नवशिका ऑडॅसिटीत ‘नॉर्मलाइझ’ दाबतो, पण महाराजांचा आवाज जिथल्या तिथेच. हा इफेक्ट फक्त सर्वांत उंच शिखर पाहतो, आणि ते शिखर टाळाचे असते. सगळे कॉम्प्रेसरवर सोपवले तर प्रत्येक टाळासरशी बाकीचा आवाज दबतो आणि पुन्हा वर येतो. ऐकणाऱ्याला धाप लागल्यासारखे वाटते. त्यापेक्षा ‘एन्व्हलप’ हे साधन घेऊन गजराचे भाग हाताने चार-सहा डेसिबल खाली आणावेत. कंटाळवाणे आहे, पण कानाला पटते.

घरघर काढण्याचे कामही त्याआधी उरकावे, कारण कॉम्प्रेसर आवाजाबरोबर घरघरही वर उचलतो. नुसत्या पंख्याचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडून त्याचे ‘नॉइज प्रोफाइल’ घ्यायचे आणि सहा ते बारा डेसिबलवर थांबायचे. हाव धरली तर टाळांची आस पाण्याखालून आल्यासारखी होते. लाइट जाऊन मध्येच जनरेटर सुरू झाला असेल, तर त्या भागाचे प्रोफाइल निराळे घ्यावे लागते.

राहिले मास्टरिंग. या भारदस्त शब्दाला घाबरून लोक प्लगिनांचे ढीग उतरवतात. घरगुती कामात त्याचा बराचसा भाग म्हणजे सरासरी जोर मोजणे. युरोपच्या प्रसारण संघाने २०१०मध्ये आर १२८ शिफारशीत उणे २३ एलयूएफएस (हे सरासरी जोराचे एकक) हे लक्ष्य ठरवले. अॅपल पॉडकास्टची शिफारस उणे १६च्या आसपास, तर स्पॉटिफायची पातळी उणे १४. ऑडॅसिटीतले ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ मुळात उणे २३वर लावलेले असते. आकडा न बदलता ‘ओके’ दाबले की पॉडकास्ट इतरांपेक्षा बारीक वाजतो, आणि दोष बिचाऱ्या माइकला मिळतो. आकडा उणे १६ करावा आणि मग लिमिटरची मर्यादा उणे एक डेसिबलवर ठेवून शिखरे अडवावीत. २०२४च्या ३.६ आवृत्तीत कॉम्प्रेसर आणि लिमिटर नव्याने आले, त्यामुळे यासाठी बाहेरचे काही शोधावे लागत नाही. आर्डरमध्ये एक्स्पोर्ट झाल्यावर हेच आकडे अहवालात दिसतात.

उणे आठपर्यंत दामटलेली फाइल स्पॉटिफाय स्वतःहून खाली आणतो. जोर परत जातो, चेपलेला पखवाज मात्र चेपलेलाच राहतो. म्हणून मूळ वेव्ह फाइल जपून ठेवावी आणि प्रत्येक ठिकाणासाठी प्रत वेगळी काढावी.

(पुढील लेखांकात : खोलीचा घुमारा आणि गोधड्यांचा उपयोग)