फ्लिंटलॉक रायफल : नेमबाजी, मालकी आणि कायद्यातील ‘पुरातन’ ही संकल्पना

प्रस्तावना :

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये आकारास आलेली फ्लिंटलॉक, म्हणजेच चकमकी चापाची बंदूक, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लष्करी वापरातून बाद झाली. तथापि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती आजही विकत घेतली जाते व तिने शिकारही केली जाते. तेथील संघीय कायदा मात्र तिला अग्निशस्त्र मानत नाही. यंत्रणा जुनी झाली म्हणजे शस्त्र निरुपद्रवी होते काय, हा प्रश्न यातून उपस्थित होतो. या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या रायफलीची रचना, तिच्या नेमबाजीची शिस्त आणि मालकीविषयक कायदा यांचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात स्थायिक झालेल्या जर्मन व स्विस कारागिरांनी आपल्याकडील आखूड शिकारी रायफलीस लांब नळीचे रूप दिले. नळीच्या आतील पेचदार खाचांमुळे गोळीला फिरकी मिळते व नेम अचूक साधतो. 14 जून 1775 रोजी काँटिनेंटल काँग्रेसने पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड व व्हर्जिनिया येथून रायफलधाऱ्यांच्या दहा तुकड्या उभारण्यास मंजुरी दिली. मात्र ही रायफल भरण्यास वेळ लागत असे आणि तिला संगीन नसे. त्यामुळे सैन्याचे मुख्य हत्यार साधी मस्केटच राहिली.

रचना व नेमबाजीची शिस्त :

ही ठासणीची बंदूक असल्याने ती तोंडाकडून भरावी लागते. प्रथम मोजून घेतलेली काळी दारू नळीत ओतली जाते. सोरा 75, कोळसा 15 व गंधक 10 हे या दारूचे रूढ प्रमाण आहे. त्यानंतर चरबी किंवा तेल लावलेल्या कापडी चकतीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने दारूपर्यंत ठासली जाते. शेवटी चापाजवळच्या पेल्यात रंजक, म्हणजे बारीक दारू, घातली जाते. घोडा ओढताच चापातील गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या रंजकावर पडतात आणि ज्वाला नळीच्या कानातून आत पोहोचते.

या क्रमात क्षणाच्या अंशाइतका विलंब होतो. तेवढा वेळ डोळ्यांसमोर उडालेल्या भडक्याने विचलित न होता नेम स्थिर ठेवणे, हे या नेमबाजीचे खरे कौशल्य होय. सुरक्षेचे नियमही यंत्रणेच्या स्वरूपातूनच आलेले आहेत. नळीत ठिणगी शिल्लक असण्याचा संभव असल्याने दारू थेट शिंगातून ओतू नये; गोळी व दारू यांत पोकळी राहू देऊ नये; आधुनिक धूरविरहित दारू कदापि वापरू नये, कारण तिच्या दाबाने नळी फुटू शकते. बार न उडाल्यास नळीचे तोंड काही काळ लक्ष्याकडेच ठेवावे लागते. दारूचा अवशेष लोखंडास गंज आणतो, म्हणून वापरानंतर लवकरात लवकर नळी धुणे आवश्यक असते.

या परंपरेचे जतन करण्यासाठी 1933 मध्ये नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन स्थापन झाली. पेनसिल्व्हेनियाने 1974 पासून हरणांच्या शिकारीसाठी फ्लिंटलॉकचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. नाताळनंतरच्या या हंगामात आजही चकमकी चाप अनिवार्य आहे.

मालकी व कायदा :

अमेरिकेच्या 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार 1898 पर्यंत निर्मिलेली शस्त्रे ‘पुरातन’ ठरतात. फ्लिंटलॉकच्या नव्याने बनविलेल्या प्रतिकृतींनाही ही सूट सर्वसाधारणपणे लागू होते. परिणामी संघीय पातळीवर विक्रेत्याकडील पार्श्वभूमी तपासणी त्यांना लागू होत नाही आणि गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीवरील शस्त्रबंदीही लागू होत नाही. काही राज्यांचे कायदे मात्र अधिक कठोर आहेत. वस्तुतः शंभर यार्डांवरील हरीण मारण्याची क्षमता या रायफलीत आजही आहे.

भारतीय कायद्याचा निकष भिन्न आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 अन्वये कालबाह्य वा पुरातन शस्त्रास सूट मिळते. परंतु ते दुरुस्तीनंतरही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच. चालू स्थितीतील ठासणीच्या बंदुकीस परवाना लागतो. पीकसंरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी असा परवाना देण्याची तरतूद कलम 13 मध्ये आहे. त्यामुळे वाडवडिलांची बंदूक घरात जपणाऱ्या कुटुंबाने केवळ तिच्या वयावर विसंबून राहणे योग्य ठरत नाही.

समारोप :

अमेरिकी कायदा निर्मितीचा काळ व यंत्रणा पाहतो, तर भारतीय कायदा शस्त्राची चालू क्षमता पाहतो. पहिल्या निकषामुळे एक कारागिरी व तिची शिस्त जिवंत राहिली. दुसऱ्या निकषात सुरक्षेचा विचार अधिक नेमका आहे. फ्लिंटलॉक मंद आहे, एका वेळी एकच बार करते. म्हणून तिचा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. ‘पुरातन’ हे विशेषण वस्तूच्या वयाचे द्योतक आहे, तिच्या निरुपद्रवीपणाचे प्रमाणपत्र नव्हे, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.