क्युपर्टिनोच्या डोक्यावरची लाल वाइन

क्युपर्टिनो म्हटलं की ॲपल आठवतं, आणि पाठोपाठ पुण्या-ठाण्याहून तिथे स्थायिक झालेला एखादा भाचा किंवा पुतणी. याच गावाच्या डोक्यावर, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ डोंगररांगेत, माँटे बेलो नावाची धार आहे. तिथल्या उतारावरच्या द्राक्षांपासून ‘रिज व्हिनयार्ड्स’ याच नावाची लाल वाइन बनवतं. एका बाटलीला दोनशे डॉलरहून जास्त मोजावे लागतात. वाइन उत्तम आहेच, पण तिच्यामागची माणसं मला त्याहून रंजक वाटतात. जवळपास सगळेच दुसऱ्या पेशातून आलेले!

आधी आले डॉक्टर. ओसिया पेरोन हे सॅन फ्रान्सिस्कोतले इटालियन डॉक्टर. १८८५ मध्ये त्यांनी माथ्याजवळ १८० एकर जमीन घेतली, उतारावर टप्पे पाडून वेली लावल्या आणि डोंगराला टेकवून दगडी वायनरी उभी केली. १८९२ साली पहिली वाइन निघाली. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती, तिच्या तडाख्यात ही बाग पुढे ओस पडली. १९४० च्या दशकात विल्यम शॉर्ट या धर्मशास्त्राच्या अभ्यासकानं खालच्या बाजूच्या तुकड्यावर कॅबर्ने सोव्हिन्यॉ जातीची द्राक्षं पुन्हा लावली.

मग आले यंत्रमानववाले. हा माझा सर्वांत आवडता भाग. १९५९ मध्ये ही जमीन स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या चार शास्त्रज्ञांनी आपापल्या कुटुंबांसह घेतली. त्यांतले चार्ली रोझेन पुढे ‘शेकी’ या यंत्रमानवाच्या प्रकल्पाचे प्रमुख झाले. आपल्या हालचालींचा स्वतः विचार करून आखणी करणारा तो पहिला फिरता यंत्रमानव. आज तो माउंटन व्ह्यूच्या संगणक संग्रहालयात, याच डोंगराच्या पायथ्याच्या बाजूला ठेवलेला आहे. दुसरे ह्यू क्रेन, चुंबकीय संगणकावर काम केलेले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पहिल्या पिढीतली ही माणसं शनिवार-रविवारी बायकामुलांना घेऊन डोंगरावर येत आणि घड तोडत! चौघांतल्या डेव्ह बेनियन यांनी पहिल्याच वर्षी पाव पिंप वाइन केली. ती इतकी जमली की १९६२ मध्ये ‘रिज’ वायनरी रीतसर सुरू झाली.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. १९६९ मध्ये वाइन करायला पॉल ड्रेपर रिजमध्ये आले. शिक्षण तत्त्वज्ञानाचं, वाइनशास्त्राची पदवी नाही. चिलीत वाइन करून पाहिलेली आणि एकोणिसाव्या शतकातली जुनी पुस्तकं वाचून काढलेली. डोंगर आणि द्राक्षं चांगली असतील तर माणसानं कमीत कमी ढवळाढवळ करावी, ही त्यांची श्रद्धा. म्हणून विकतचं यीस्ट न घालता द्राक्षांबरोबर बागेतून येणाऱ्या यीस्टवरच रस आंबवतात. मुरवण्यासाठी फ्रेंच ओकचा दबदबा असताना त्यांनी मुख्यतः अमेरिकन ओकची पिंपं वापरली. २०१६ मध्ये ते निवृत्त झाले.

पाचवा नंबर, मग पहिला. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये वाइन-व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांना डोळे झाकून म्हणावं तशी, लेबलं लपवून, फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखायला दिल्या. दहा लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची ‘स्टॅग्ज लीप’ पहिली आली आणि जग थक्क झालं. माँटे बेलो १९७१ पाचवी होती. बरोबर तीस वर्षांनी त्याच जुन्या वाइन लंडन आणि नापा इथे पुन्हा चाखल्या गेल्या. या खेपेला माँटे बेलो १९७१ पहिली! एकच वाइन तरुणपणीच्या परीक्षेत पाचवी आणि म्हातारपणीच्या परीक्षेत पहिली येते, याहून मोठं प्रशस्तिपत्र मला सुचत नाही.

माँटे बेलोच्या मिश्रणात कॅबर्ने सोव्हिन्यॉचा वाटा सर्वांत मोठा. जोडीला मर्लो, पेटी व्हर्दो आणि कॅबर्ने फ्रँक. प्रमाण दरवर्षी बदलतं. बागेच्या प्रत्येक तुकड्याची वाइन वेगळी करतात, मग नाव न सांगता चाखतात. ज्या तुकड्यानं मिश्रण सुधारेल तोच आत. बाकीच्यांतून ‘इस्टेट’ नावाची दुसरी वाइन होते.

पायाखाली समुद्र. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागांखाली चुनखडी क्वचितच सापडते, इथे ती आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी पॅसिफिक महासागरातल्या बुडालेल्या डोंगरावर साचलेला हा चुना भूपट्ट्यांबरोबर सरकत किनाऱ्याला येऊन भिडला. सॅन अँड्रियास प्रस्तरभंगही जवळच. शेजारच्या चुनखडीच्या खाणीवर हेन्री कैसर यांनी १९३९ मध्ये सिमेंटचा कारखाना काढला. तिथल्या पर्मनेंटे ओढ्याचं नाव आज कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेत आहे. बागेचा वरचा भाग जवळपास माथेरानच्या उंचीला पोहोचतो. समुद्राची थंड हवा थेट येते, द्राक्षं सावकाश पिकतात, आणि म्हणून वाइनला ती आंबटसर धार राहते.

रिजची मालकी जपानी आहे, १९८६ पासून, ओत्सुका या औषध कंपनीची. पोकारी स्वेट हे पेयही त्यांचंच.

बाटलीवर सगळं लिहिलेलं. २०११ च्या वाइनपासून रिज लेबलवर घटक छापतं: द्राक्षं, यीस्ट, सल्फर डायऑक्साइड, वापरला असेल तर अंड्याचा पांढरा भागही. अमेरिकेत ही सक्ती नाही. युरोपीय संघानं ती डिसेंबर २०२३ मध्ये आणली. आपल्याकडच्या वायनरींनीही हे स्वखुशीनं करावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडचं नातंही आहे. राजीव सामंत स्टॅनफर्डला अभियांत्रिकी शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी केली, आणि १९९० च्या दशकात परत येऊन नाशिकला ‘सुला’ उभारली. अभियंत्यांनी द्राक्षबागेत उतरण्याची परंपरा स्टॅनफर्डच्याच परिसरातली! फरक हंगामाचा: तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, नाशिकला पावसाळा टाळून जानेवारी ते मार्च.

भाच्याकडे गेलात तर माँटे बेलो रोडनं वर जरूर जा. रस्ता अरुंद आणि वळणावळणांचा आहे, तेव्हा न चाखणाऱ्याच्याच हाती गाडी द्या.