फर्स्ट शिफ्टची एमटीबी

डावं पायडल निघेना. मी पान्यावर जोर लावत होतो, तेवढ्यात जिन्यातून अण्णांचा आवाज आला, "अरे, आवळतोयस तू. डाव्याचे आटे उलटे असतात." पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला, एकदा कुरकुरलं आणि सुटलं. दोन्ही बाजूंचे आटे सारखेच ठेवले असते, तर पाय मारता मारता डावं पायडल आपोआप ढिलं होऊन रस्त्यात पडलं असतं. भोसरीत आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेल्या माणसाला हे सांगायला सायकलजवळ यावंही लागलं नाही.

सायकल हर्क्युलस एमटीबी. मी दहावी झालो तेव्हा, 1996 साली घेतलेली. रहाटणीतल्या आमच्या गच्चीवर ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. लेक आठवीत गेली, क्लासला जायला सायकल हवी म्हणाली. नवी बघायला निघालो तर म्हणाली, "आजोबांची आहे ना, ती नीट करा."

आजोबांची. सायकल माझ्यासाठी घेतली होती खरी, पण मला नोकरी लागली, मोटरसायकल आली आणि अण्णा ती कामावर न्यायला लागले. काळेवाडी, पवनेवरचा पूल, पिंपरी, नेहरूनगर, भोसरी. फर्स्ट शिफ्टला साडेपाचला घर सोडायचे. एमटीबीला कॅरिअर येत नाही, मग डबा कुठे ठेवायचा? अण्णांनी सळई वाकवून, वेल्डिंग मारून स्वतः कॅरिअर केला. मागोमाग मडगार्ड, स्टँड आणि घंटी.

एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, डोंगरातली सायकल. या जातीच्या सायकलींचा जन्म फार वेगळ्या कामासाठी झाला. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत 1976 पासून काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली मातीच्या उतारावरून शर्यतीत सोडायचे. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळायचं आणि हब खोलून पुन्हा भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीला 'रीपॅक' म्हणू लागले. पुढच्याच वर्षी जो ब्रीझने खास या उतारांसाठी फ्रेम बांधली. 'हर्क्युलस' हे नाव मूळ बर्मिंगहॅमचं. आपल्याकडे ते मद्रासच्या, 1949 साली सुरू झालेल्या टीआय सायकल्सने चालवलं. नव्वदच्या दशकात सपाट हँडलच्या, खडबडीत टायरच्या सायकली गल्लोगल्ली दिसू लागल्या. त्यांतल्या कितीतरी डोंगर न बघता कंपनीच्या गेटवर उभ्या राहिल्या. मला त्यात काही कमी वाटत नाही. जाड टायर आणि दणकट चिमटा खड्ड्यांच्या रस्त्यालाही तितकाच लागतो.

टायरला दोन फेऱ्या झाल्या. '26 चा द्या' म्हटलं आणि मिळाला तो 26 बाय 1⅜. त्याची रिम 590 मिलिमीटरची, एमटीबीची 559 ची. दोन्ही टायरवर आकडा 26 चाच, पण एकीचा टायर दुसरीला चढत नाही. रिम क्रोमच्या, पोलादी. गंज पितळी ब्रशने निघाला, चाकांचा आउट काढून घेतला. असल्या रिमवर पावसात ब्रेक उशिरा लागतो. चौक यायच्या आधीच दोनदा हलका दाबून पाणी पुसून घ्यायचं, हे अण्णांनी नातीला आधी शिकवलं, सायकल नंतर दाखवली.

खरं काम होतं कॉटरचं. क्रँक एक्सलला धरून ठेवणारी ही पाचर. जुन्या दोन्ही गंजून बसल्या होत्या. ठोकताना क्रँकखाली पाइपचा टेकू दिला, नाहीतर घाव थेट छऱ्यांवर बसतो. नव्या कॉटर आणल्या, पण बसतात कुठे नीट? अण्णांनी चष्मा लावला, नातीचा निळा स्केचपेन मागितला आणि कॉटरची सपाट बाजू रंगवली. कॉटर ठोकली, काढली. शाई फक्त एका कडेला पुसली होती. म्हणजे टेकत होती तेवढीच. तिथे कानशीचे चार हात मारले, पुन्हा शाई, पुन्हा ठोकणं. सातव्या वेळेला शाई सगळ्या पाठीवरून सारखी पुसली गेली. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. हात थरथरतो त्यांचा हल्ली, कानशीवर नाही थरथरला.

मग रंग. पावडर कोटिंगची दुकानं आपल्या पट्ट्यात पावलोपावली, एका दिवसात फ्रेम कोरी करकरीत झाली असती. मी तयारही होतो. पण त्यासाठी जुना रंग आणि नावाची चित्रं पार खरवडावी लागतात, आणि वरच्या नळीवर अण्णांच्या डब्याच्या पिशवीने घासून उजळलेला पट्टाही गेला असता. कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात महायुद्धातली घडीची बीएसए पॅराट्रूपर पाहिल्यापासून माझं मत ठरलं आहे: सायकलवर जे घडलं ते तिच्यावर दिसत राहावं. गंजाच्या जागा घासल्या, त्यावर पारदर्शक लॅकर मारलं. कॅरिअर मात्र काढावा, लेकीला जड होईल, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "राहू दे. दप्तर ठेवीन."

रविवारी सकाळी ती कोकणे चौकापर्यंत जाऊन आली. फ्रीव्हीलची टिकटिक गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होती. अण्णा पाना घेऊन फाटकात उभेच होते. नवी कॉटर थोडं चाललं की बसते, नट ढिला पडतो. लेक उतरायच्या आत ते क्रँकजवळ खाली बसले होते.