मंगेशीचा मुलगा आणि कट्यारचं संगीत

‘कट्यार काळजात घुसली’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बहुतेक २०१५चा सिनेमा येतो. शंकर महादेवन, सचिन पिळगावकर, थिएटरमधल्या शिट्ट्या वगैरे. पण त्यातली जी गाणी तुमच्या आईबाबांना आधीपासून पाठ होती, ती १९६७च्या नाटकातली. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक आणि चाली पं. जितेंद्र अभिषेकींच्या.

अभिषेकी मूळचे गोव्यातले, फोंडा तालुक्यातल्या मंगेशीचे. जन्म १९२९चा, म्हणजे तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य. वडील बाळूबुवा कीर्तनकार. गाण्याचे पहिले धडे त्यांच्याकडेच. पुढे पठ्ठ्यानं संस्कृतमध्ये पदवी घेतली आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात, कोकणी विभागात नोकरी धरली. सरकारी माध्यम, महिन्याचा पगार. आपल्या भाषेत, प्लेसमेंट झालेली!

पण गाणं सुटलं नाही. आग्र्याची गायकी जगन्नाथबुवा पुरोहित आणि अजमत हुसेन खाँ यांच्याकडून, जयपूरची गुलूभाई जसदनवालांकडून. आज आपण दोन ऑनलाइन कोर्स एकदम करतो, त्यात काय एवढं, असं वाटेल. तेव्हा मात्र घराण्याची निष्ठा फार मोठी गोष्ट होती. अनेकांकडे शिकणाऱ्याला ‘तू नक्की कुणाचा?’ हा प्रश्न चुकत नसे.

त्यात नाटकाकडे वळणं म्हणजे आणखी जोखीम. संगीत नाटकाचे सोन्याचे दिवस सरले होते. रात्र-रात्र चालणारे प्रयोग, वन्समोअरवर वन्समोअर हे सगळं मागे पडलेलं आणि सिनेमा जोरात. अशा वेळी १९६४ मध्ये गोवा हिंदू असोसिएशननं वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ आणलं आणि संगीत अभिषेकींना दिलं. रामदास कामत आणि आशालता यांच्या तोंडची ती पदं गाजली. चाल रागातलीच, पण पद आटोपशीर. प्रसंग थांबवून मैफल सुरू करायची नाही. मला विचाराल तर त्यांची खरी कमाल इथेच आहे. मैफलीत तासभर राग मांडू शकणाऱ्या माणसानं चार-पाच मिनिटांत आवरतं घ्यायचं, तेही पात्राचा स्वभाव सांभाळून, हे सोपं नाही यार.

‘कट्यार’मध्ये तर नाटकाचा विषयच गाणं. पंडितजी आणि खाँसाहेब, दोन गायक, दोन घराणी. प्रेक्षकांना रागाचं नावही माहीत नसेल, तरी हे गाणं वेगळं आणि ते वेगळं, हे कानाला कळलं पाहिजे. नाहीतर भांडणच खोटं पडेल. अभिषेकींनी एकाच पदाला दोन चाली दिल्या: पंडितजींची संथ, ठेहरावाची, तर खाँसाहेबांची चपळ, तानांनी भरलेली. रंगमंचावर खाँसाहेब होते वसंतराव देशपांडे, पंडितजी भार्गवराम आचरेकर. म्हणजे ‘तू कुणाचा?’ म्हणून ज्या शिक्षणावर बोट ठेवता आलं असतं, तेच इथे कामाला आलं. एकाच घराण्यात वाढलेल्या संगीतकाराला दोन्ही बाजू इतक्या खऱ्या लिहिता आल्या असत्या का, मला शंका आहे.

त्यांना १९८८ मध्ये पद्मश्री मिळाली, १९९८ मध्ये ते गेले. मुलगा शौनक आज गातो.

आता एक करा. हेडफोन लावा, आणि त्या पदाच्या दोन्ही चाली पाठोपाठ ऐका. आधी संथ, मग जलद. शब्द तेच आहेत, हे मध्येच विसरायला होतं.